पुसली गेलेली धमनी

हॉस्पिटलच्या तळघरात एमआरआयची खोली होती आणि त्या खोलीत दिवसभर एकच वाक्य घुमायचं, "हलू नका." ते बोलणाऱ्या बाईंना त्यामुळे अख्खं हॉस्पिटल पाठीमागे 'हलूनका ताई' म्हणायचं. तोंडावर नुसतं ताई. हे नाव आपल्याला पडलंय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना रागही नव्हता. माणसं हलतात, फोटो बिघडतो आणि नावं मात्र मशीनला ठेवतात, एवढंच त्यांचं म्हणणं.

बावीस वर्षं त्या हे मशीन चालवत होत्या. म्हणजे मशीन मधल्या काळात दोनदा बदललं, ताई त्याच राहिल्या. अंगावर धातूचा कण नाही, केसांना कापडी फीत, चष्म्याची काडीसुद्धा प्लास्टिकची. एका शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला त्यांचा नवरा म्हणायचा, "माहेर, सासर आणि ते यंत्र. तिघांत तू जास्त नांदलीस ती यंत्राकडेच." त्यावर ताई त्याला म्हणायच्या, की यंत्र निदान ओला टॉवेल पलंगावर टाकत नाही.

खरं सांगायचं तर बाईंच्या हाताखाली काम करणं अवघड होतं. उशीची घडी चुकली तरी त्यांच्या कपाळाला आठी. पण त्यांनी काढलेला फोटो डॉक्टरांच्या पडद्यावर आला की ओळखू यायचा. स्वच्छ. नको ती सावली नाही, धूसरपणा नाही, भुतासारख्या दुहेरी कडा नाहीत. नवीन आलेल्या डॉक्टरांना जुने डॉक्टर सांगायचे, फोटो कसा असावा ते ताईंचा बघा. हे त्यांच्या कानावर यायचं आणि त्या ऐकलंच नाही असं दाखवायच्या. मनातून सुखावायच्या. एवढा एक अभिमान त्यांनी आयुष्यभर जपला, आणि तोच त्यांना नडला.

रंगारी त्यांच्याकडे आला तो एका सोमवारी. एकसष्ट वर्षांचा, काटक, चाळीस वर्षं शिडीवर काढलेला माणूस. उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता आणि शेजारचं बोट त्या वाटेवर होतं. पोटातून मांडीत आणि मांडीतून पावलात रक्त नेणाऱ्या धमन्यांपैकी कुठेतरी रस्ता बंद झाला होता. तो कुठे बंद झालाय आणि खाली पावलात एखादी धमनी अजून चालू आहे का, हे बघायचं होतं. चालू असेल तर सर्जन दुसऱ्या पायातली शीर काढून बंद रस्त्याला वळसा घालून खाली जोडणार होते. नसेल तर जोडायचं कशाला? मग गुडघ्याखाली पाय कापणं आलं.

तो खोलीत आला, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, इथं दुसरा हात मारलाच नाही कुणी. एकाच हातात उरकलंय." ताईंनी बावीस वर्षं ती भिंत बघितली होती. त्यांना पहिल्यांदाच दिसलं, की खालचा जुना रंग खरोखरच पट्ट्यापट्ट्यांनी वर डोकावतोय.

नेहमीच्या रुग्णाला हातातून औषध देतात. ते रक्तात मिसळलं की धमन्या उजळून निघतात. पण रंगाऱ्याची किडनी कमजोर होती. औषध द्यायचं नाही, असं कागदावर लाल शाईने लिहिलेलं. अशांसाठी दुसरी पद्धत असते. वेळखाऊ, पण औषधाशिवायची. पायाचे वरपासून खालपर्यंत पातळ पातळ काप घ्यायचे. स्थिर मांस त्यात काळं राहतं आणि वाहतं रक्त पांढरं दिसतं. अडचण एवढीच, की रक्त धमन्यांतून खाली जातं आणि शिरांतून वर येतं. दोन्ही पांढरं दिसलं तर गुंता होतो. म्हणून प्रत्येक कापाच्या खाली मशीनमधूनच एक न दिसणारा पट्टा लावतात. खालून वर येणारं रक्त त्या पट्ट्यातून गेलं की काळं पडतं, म्हणजे शिरा पुसल्या जातात. सोसायटीच्या मागच्या फाटकावर पहारेकरी बसवावा आणि त्याला सांगावं, की इकडून येणाऱ्या कुणालाही आत सोडायचं नाही, तसा हा पट्टा. उरतात त्या फक्त धमन्या. चित्र स्वच्छ.

सगळं मिळून सव्वा तास लागला. रक्त न पोचणारा पाय आडवा ठेवला की जीव जातो. रंगारी महिनाभर खुर्चीत बसून, पाय खाली सोडून झोपत होता. त्याने सव्वा तास दात चावले, पण पाय हलवला नाही. बाहेर आला तेव्हा कपाळावरून घाम निथळत होता. ताईंनी कधी नव्हे ते कौतुक केलं. फोटोही तसाच आला, देखणा. पोटातली मोठी धमनी ठीक. डावा पाय बरा. उजवी मांडी मध्यावर बंद. गुडघ्याखाली थोडंफार, घोट्याशी संपलेलं. पावलात काहीच नाही. काळंभोर.

रिपोर्ट गेला. पावलात जोडण्याजोगी धमनी दिसत नाही. सर्जननी गुरुवारी सकाळी आठची वेळ दिली.

बुधवारी दुपारी रंगाऱ्याची बायको फोटोंची जादा प्रत न्यायला खाली आली. पाकीट हातात घेतलं तरी ती दारातच उभी राहिली. मग म्हणाली, की काल वॉर्डातल्या सिस्टरने पेनासारखं एक यंत्र त्यांच्या पावलावर धरलं होतं. त्यातून बारीक सूं सूं आवाज आला. सिस्टर म्हणाली, येतंय की थोडं रक्त. मोठे डॉक्टर म्हणाले, ती शीर असेल, फोटोत काही नाही.

"ताई, फोटोत खरंच काही नाही का हो तिथं?"

"फोटोत असतं तेच दिसतं, काकू," ताई म्हणाल्या. जरा तोडूनच म्हणाल्या. हाताखाली पुढचा रुग्ण होता आणि आपल्या फोटोवर कुणी शंका घेतलेली त्यांना कधीच खपली नव्हती.

बाई गेली. ताईंनी पुढच्या रुग्णाला आत घातलं, मशीन सुरू केलं, पण डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. दहा मिनिटांनी त्यांनी बाजूच्या पडद्यावर रंगाऱ्याचा पाय उघडला. डॉक्टरांकडे जातं ते जोडून सजवलेलं चित्र नव्हे, एकेक सुटा काप. गुडघ्याशी त्या थांबल्या. मुख्य धमनी बंद होती, पण आजूबाजूने बारीक बारीक वाटा फुटल्या होत्या. नागमोडी, जाडजूड, एक-दोन नव्हे, डझनभर. रस्ता खणला की माणसं गल्लीबोळांतून वाट काढतात, तसं रक्ताने काढली होती. आणि हे सगळं घोट्याशी येऊन एकदम नाहीसं झालं होतं.

इतकं रक्त खाली उतरतंय, ते जातंय कुठे?

ताईंनी स्वतःचं पाऊल खुर्चीवर उचलून घेतलं आणि बोटाने वाट काढत बसल्या. घोट्याच्या पुढून यायची वाट बंद. मागून, टाचेच्या आतून, तळव्यात. तळव्यातून बोटांच्या मुळाशी. तिथून पावलाच्या वरच्या अंगाला येऊन घोट्याकडे. म्हणजे पावलावरच्या धमनीत रक्त असलंच, तर ते उलटं वाहत असणार. बोटांकडून घोट्याकडे, खालून वर. तळव्यातली वाट जवळजवळ आडवी, ती त्या कापांत तशीही धड दिसत नाही.

आणि खालून वर येणारं सगळं त्यांनी पट्टा लावून पुसलं होतं.

पहारेकऱ्याने हुकूम चोख पाळला होता, चोर आणि घरचा माणूस यांत फरक करायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कदाचित पावलात धमनी नसेलही. सिस्टरने ऐकली ती शीरही असेल. पण 'दिसत नाही' आणि 'मी पुसलं' या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि रिपोर्टात पहिली लिहिली गेली होती.

आता इथे ताईंची बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्या चार मिनिटं गप्प बसल्या. समोर घड्याळ होतं, म्हणून चार मिनिटं हे नक्की. त्या चार मिनिटांत त्यांच्या मनात हेही येऊन गेलं, की कुणालाही कधीच कळणार नाही. उद्या आठ वाजता पाय कापला जाईल आणि पायाबरोबर प्रश्नही जाईल. पाचव्या मिनिटाला त्यांनी फोन उचलला.

फोन रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना. ते वयाने पंधरा वर्षांनी लहान, मशीनचं पहिलं बटण त्यांना ताईंनीच दाखवलं होतं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"खात्री आहे तुम्हाला?"

"नाही. खात्री असती तर परत करायला कशाला मागितलं असतं?"

डॉक्टर म्हणाले, सही माझी आहे. ताई म्हणाल्या, पट्टा माझा आहे. मग दोघांनी भांडत बसण्याऐवजी वेळ मोजली. सर्जन शस्त्रक्रियेत होते, त्यांचा निरोप सिस्टरकरवी आला: सहा वाजेपर्यंत चित्र दाखवा, नाहीतर उद्याची यादी तशीच राहील. त्यांचंही चुकत नव्हतं. अंगठ्याची सूज घोट्याकडे सरकू लागली होती. दोन दिवस चालढकल केली असती तर गुडघ्याखालचं काम गुडघ्याच्या वर गेलं असतं.

मशीनवर पाठीच्या मणक्याची एक लांबलचक तपासणी चालू होती, ती पावणेपाचला संपणार. साडेपाचच्या बाईंना ताईंनी फोन करून उद्या बोलावलं. त्या बाईंनी जे ऐकवलं ते त्यांनी निमूट ऐकून घेतलं. मग जिना चढून वॉर्डात गेल्या. ताईंना वॉर्डात कुणी कधी बघितलं नव्हतं. सिस्टरने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

रंगारी खुर्चीत बसला होता, पाय खाली सोडून. चेहरा शांत होता. ताईंना त्या शांतपणाचीच भीती वाटली. मन घट्ट करून बसलेल्या माणसाला पुन्हा आशा लावणं म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं.

त्या म्हणाल्या, परत एकदा खाली यावं लागेल, पंधरा-वीस मिनिटांसाठी.

"नाही," रंगारी म्हणाला. आवाज चढवला नाही. "माझं ठरलंय आता. पोराला सांगून झालं, शिडी विकायला सांगितली. पाय आडवा करून परत त्या भोकात मी जात नाही. कापा एकदाचा."

ताईंकडे दोन वाटा होत्या. मशीनमध्ये बिघाड होता म्हणायचं, किंवा खरं बोलायचं. पहिली सोपी होती आणि कुणाचं नुकसानही नव्हतं. पण मशीनला नावं ठेवणाऱ्यांचा त्यांना आयुष्यभर तिटकारा होता.

"काका, चूक माझ्या हातून झालीय," त्या म्हणाल्या. "शिरा दिसू नयेत म्हणून मी वर येणारं रक्त पुसते. सगळ्यांचंच पुसते. पण तुमच्या पावलातली धमनी उलटी भरत असेल, तर तीही मीच पुसली. असेलच असं म्हणत नाही. नाही असं मात्र मी सांगायला नको होतं."

रंगाऱ्याची बायको पलंगाशी टॉवेलची घडी घालत होती. तिचे हात थांबले. "दुपारी मी विचारलं तुम्हाला," ती म्हणाली. "असतं तेच दिसतं म्हणालात."

"हो, म्हणाले."

"उद्या पाय गेल्यावर मग कुणाला विचारायचं होतं मी?"

ताई तिथेच उभ्या राहिल्या. शरमेने मान खाली गेली होती. रंगारी एकदा त्यांच्याकडे, एकदा बायकोकडे बघत राहिला.

"म्हणजे परवा मी तासभर दात चावून पडलो ते एका हाताचंच काम झालं," तो शेवटी म्हणाला. "दुसरा हात मारायचा राहिला."

"राहिला."

"माझ्या कामात असं सापडलं असतं, तर घरमालकाने पायरीवर उभं केलं नसतं." त्याने खुर्चीचे हात धरले. "चला. पण ही आत येणार माझ्याबरोबर."

पाच वाजून पाच मिनिटांनी तो टेबलावर आडवा झाला. पाय वर येताच त्याचा श्वास तुटला. ताईंनी पावलाच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या, टाचेखाली मऊ गादी सरकवली, पट्टीने पाऊल बांधलं. काळ्या अंगठ्याला हात लागू न देता, कारण तिथे फुंकरसुद्धा सोसवत नव्हती. बायकोच्या केसांतल्या पिना काढून ताटलीत ठेवल्या आणि तिला त्याच्या गुडघ्याशी स्टुलावर बसवलं. या वेळी पोट नाही, मांडी नाही. फक्त पाऊल आणि घोटा, बारा मिनिटं. पट्टा काढलेला.

काचेपलीकडे डॉक्टर येऊन ताईंच्या मागे उभे राहिले. मशीन ठोकू लागलं.

काप बोटांकडून वर येत होते, एकेक. पट्टा नसल्यामुळे चित्र भरून गेलं होतं. ठिपकेच ठिपके, पांढरे, लहान-मोठे, कसलाही धरबंध नसलेले. असला फोटो ताईंनी एरवी कुणाला दाखवला नसता. त्या पुढे वाकून बघत होत्या, आणि बघता बघता त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली.

ही धमनी निघाली, तर ती एकट्या रंगाऱ्याच्याच पायात होती असं कसं म्हणायचं? औषधाशिवायची ही पद्धत इथे चार वर्षं चालू होती. चार वर्षं त्यांनी हाच पट्टा लावला होता, याच सफाईने. 'पावलात धमनी दिसत नाही' असे रिपोर्ट याआधीही गेले होते. ती माणसं आता कुठे होती, कशी चालत होती?

आणि मग त्यांनी स्वतःला पकडलं. त्या मनोमन म्हणत होत्या, काही न दिसो. काही दिसलं नाही तर मागचं सगळं जागच्या जागी राहील. रंगाऱ्याचा पाय तसाही जाणारच होता, त्यात त्यांचा दोष नसेल, आणि रात्री झोप लागेल. काचेपलीकडे एक माणूस गादीची कड मुठीत आवळून पडला होता आणि त्या त्याच्या पायात काही नसावं म्हणून प्रार्थना करत होत्या. त्यांना स्वतःची किळस आली. इतकी, की त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

सातव्या मिनिटाला पावलाला हिसका बसला. चित्र फाटल्यासारखं झालं. आतून रंगाऱ्याचा दबका आवाज आला. बायको त्याच्या गुडघ्यावर ओणवी झाली. ताईंनी मशीन थांबवलं, माइकचं बटण दाबलं. घड्याळात पाच एकोणतीस.

"काका, अर्ध्याहून जास्त झालंय. पाच मिनिटं विसावा घेऊ. पाय खाली सोडा."

"नको," आतून आवाज आला. "खाली सोडला तर परत वर घेणार नाही मी. चालू करा."

त्यांनी बिघडलेल्या कापापासून पुन्हा सुरू केलं. डॉक्टरांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता, तो किती घट्ट होता ते ताईंना पाठीला कळत होतं. आता प्रश्न असा होता, की इतक्या ठिपक्यांत धमनी ओळखायची कशी? सगळेच वर जाणारे, सगळेच पांढरे.

पावलाच्या वरच्या अंगाला, हाडाला चिकटून, तीन ठिपके एका ओळीत होते. मधला बारीक, दोन्ही बाजूंचे थोडे मोठे. पुढच्या कापात तेच तीन. त्याच्या पुढच्यातही. पावलावरची धमनी दोन शिरांच्या मधून जाते, हे पुस्तकात असतं. पण पुस्तकातलं सगळं पायात असतंच असं नाही. ताईंनी चित्र मोठं केलं. बाजूचे दोन ठिपके कडेला स्वच्छ होते. मधल्याच्या मात्र दोन्ही अंगांना फिकट सावल्या होत्या, त्याच आकाराच्या, ठराविक अंतरावर, एकामागे एक. ठोका पडणारी नळी स्थिर राहत नाही. ती थरथरते आणि अशी आपली भुतं चित्रात सोडून जाते. बावीस वर्षं ताईंनी ही भुतं हाकलली होती. शिरेला ठोका नसतो.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "मधला बघा."

डॉक्टर वाकले. त्यांनी एक काप पुढे घेतला, दोन मागे, परत पुढे. मग बोटांच्या मुळापासून घोट्यापर्यंत एकेक काप मोजत तो मधला ठिपका धरून वर आले. कुठेही तुटला नाही. वीतभर लांबीची, काडीएवढी धमनी, जिवंत, उलटी वाहणारी.

"आहे," डॉक्टर म्हणाले, आणि खिशातून फोन काढत बाहेर पळाले. पाच बावन्न झाले होते.

ताईंना रडू आलं. आनंदाचं होतं आणि धास्तीचंही, आणि त्यातलं कुठलं किती ते त्यांना त्या वेळी सांगता आलं नसतं. त्यांनी तोंड पुसलं, आत जाऊन पट्टी सोडली आणि पाय खाली घेतला. रंगारी आणि त्याची बायको दोघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या म्हणाल्या, की नस आहे. जोडता येईल की नाही ते सर्जन ठरवतील, पण आहे. बायकोने विचारलं, या वेळी नक्की ना? ताई म्हणाल्या, या वेळी दोघांनी मोजलीय.

गुरुवारी आठला रंगारी आत गेला तो दोनला बाहेर आला. डाव्या पायातली शीर उजव्या पायात गेली, अंगठा आणि शेजारचं बोट गेलं, पाऊल राहिलं. चौथ्या दिवशी सिस्टरने ते पेनासारखं यंत्र पुन्हा लावलं, तेव्हा आवाज खोलीच्या दारापर्यंत ऐकू आला म्हणे. शिडी अजून विकली गेली नव्हती.

ताईंचं अभिनंदन झालं. सर्जन स्वतः तळघरात उतरले आणि चहा पिऊन गेले. चूक झाली ती झाली, वेळेवर पकडलीत, असं म्हणाले. ते गेल्यावर ताईंनी डॉक्टरांकडे चार वर्षांची यादी मागितली.

दोघं दोन दुपारी बसले. औषधाशिवाय केलेल्या पायांच्या तपासण्या एकशे तेहेतीस. त्यांत, रंगारी सोडून, 'पावलात धमनी दिसत नाही' असे रिपोर्ट अकरा. अकरापैकी तिघांची धमनी सर्जननी वेगळ्या तपासणीने शोधून काढली होती. आठांचे पाय कापले गेले होते. त्या आठांपैकी पाच जणांच्या कापांत गुडघ्याशी तशाच नागमोडी वाटा होत्या, भरपूर रक्त खाली नेणाऱ्या आणि घोट्याशी नाहीशा होणाऱ्या.

ताईंनी विचारलं, पट्ट्याने पुसलेलं कुठून परत काढता येतं का? उत्तर त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं. डॉक्टर म्हणाले, ते मशीनने कधी नोंदवलंच नाही, आणता कुठून? पाचांपैकी कुणाचा पाय वाचला असता, आणि वाचला असता का, हे आता जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं.

डॉक्टरांनी वरिष्ठांना कळवलं होतं. चौकशी होणार, रीतसर पत्रं जाणार, त्यात काय लिहायचं ते वकील बघणार. महिना तरी जाईल. ते म्हणाले, "ताई, तोवर थांबा. नक्की काहीच माहीत नसताना त्यांच्या जिवाला घोर कशाला?" हे त्यांनी कळवळ्यानेच म्हटलं होतं. ताईंनाही ते पटल्यासारखं झालं. पण पटलेली गोष्ट रात्रभर छातीवर बसून राहिली, तेव्हा ती पटलेली नाही हे त्यांना कळलं. सकाळी नवऱ्याला त्यांनी सगळं सांगितलं. तो एरवी काहीतरी थट्टा करायचाच. त्या दिवशी त्याने चहा गाळला, कप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "मग कर फोन."

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तळघराचं दार लावून घेतलं आणि यादीतला पहिला नंबर लावला. सायकल दुरुस्तीचं दुकान असलेला माणूस, तीन वर्षांपूर्वीचा, डावा पाय. माणूस आठवत नव्हता. फोटो आठवत होता. देखणा आला होता.

फोन त्यानेच उचलला. ताईंनी हॉस्पिटलचं नाव सांगितलं, एमआरआयच्या खोलीतून बोलतेय म्हणून सांगितलं. पलीकडचा आवाज एकदम उजळला.

"ताई का? त्या, हलू नका म्हणणाऱ्या? अहो, तुमची आठवण काढतो मी. सर्जन म्हणाले होते, इतका साफ फोटो होता म्हणून वेळ न घालवता निर्णय घेता आला. नुसत्या पायावर निभावलं, जीव वाचला. घरात सगळ्यांना सांगतो, त्या बाईंचे उपकार आहेत."

ताईंनी डोळे मिटले.

"दादा," त्या म्हणाल्या, "जरा निवांत बसून ऐकाल का? मला काही सांगायचंय."

"बसलेलाच असतो मी," तो हसून म्हणाला. "बोला."

ताईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली, आणि पट्टा म्हणजे काय इथपासून सांगायला सुरुवात केली.